बशी पालथी करून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कपबश्यांवर जो लेख आलाय तो वाचला, फोटो छान होते, लिहिणाऱ्यानं मेहनत घेतलीय हेही दिसतं, पण त्यात एक वाक्य असं पडलंय की त्यानं आमच्या गल्लीत चार दिवस धुमाकूळ घातलाय, म्हणून हे पत्र. वाक्य असं की बशीच्या बुडाला 'मेड इन फ्रान्स' असेल तर ती शंभर वर्षांच्या पुढची अँटिक समजावी. झालं. सोमवारी सकाळी मी दूध तापवत होते तोवर शेजारच्या वैनी पदराखाली एक प्लेट झाकून दारात हजर, आणि हळू आवाजात म्हणतात, "आक्का, ही किती लाखाची असेल वो?" बघितलं तर आर्कोपालची डिनर प्लेट, पांढरी शुभ्र, कडेला निळी फुलं, त्यांच्या दिरानं ८४-८५ साली कुवेतहून आणलेली. मी ती आणताना बघितलीय, टू-इन-वन आणि टँगच्या डब्याबरोबर त्याच पेटीतून निघालेली. आता त्यांना काय सांगू?

मी पोस्टातून रिटायर झालेली बाई आहे. तीसेक वर्षं शिक्के मारण्यात आणि पुसट शिक्के वाचण्यात गेली, त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा उलटी करून शिक्का बघायचा ही खोडच लागली, आणि त्या खोडीतून फ्रेंच क्रोकरीचा हा नाद. नाद म्हणजे काही मोठं म्युझियम नाही, टिळकवाडीतल्या घरात एक काचेचं कपाट आणि त्यात मावतील तेवढ्या साठ-सत्तर वस्तू, त्याच्यावर झाल्या तर घरातले मला बाहेर काढतील. पण वीस-बावीस वर्षांत थोडंफार कळायला लागलंय ते सांगते.

तर त्या वाक्याबद्दल. अमेरिकेनं १८९० साली मॅकिन्ली टॅरिफ म्हणून कायदा केला, त्यात बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा ते लिहिलंच पाहिजे असं ठरलं आणि १८९१ पासून ते लागू झालं. म्हणून बुडाला नुसतं 'फ्रान्स' असेल तर ती वस्तू बहुधा त्यानंतरची, आणि 'मेड इन फ्रान्स' असं पूर्ण असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातली. म्हणजे लेखात लिहिलंय त्याच्या उलटंच झालं की! देशाचं नाव हा जुनेपणाचा पुरावा नाही, खरी जुनी बशी पुष्कळदा देशाचं नावसुद्धा सांगत नाही. आणि आर्कोपाल तर मुळात चिनी माती नव्हेच, ती दुधी काच, उत्तर फ्रान्समधल्या आर्क गावच्या काच कारखान्यानं १९५८ साली काढलेली. आपल्या कायद्याप्रमाणं, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं, शंभर वर्षं झाल्याशिवाय पुरावस्तू म्हणत नाहीत. वैनींना म्हटलं, तुमची प्लेट अजून सत्तरीलासुद्धा नाही, तुमच्यापेक्षा धाकटीच आहे. हसल्या, पण प्लेट परत पदराखालीच घेऊन गेल्या.

माझी पहिली बशी कॅम्पातल्या भंगारवाल्याकडं मिळाली. पावसाळ्याचे दिवस, मी छत्री दुरुस्त करायला गेलेली आणि त्याच्या हातगाडीवर रद्दीच्या गठ्ठ्याखाली एक खोलगट बशी, आतून मलईच्या रंगाची, कडेला गुलाबी फुलांची माळ. मी सवयीनं उचलून पालथी केली तर तो म्हणतो, "काय करूलाय वो बाई, बशी पालथी घालून? आत बघा की, फुलं आत आहेत!" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं त्याला वाटलं असणार. पण बुडावर शिक्का होता, इंग्रजीच अक्षरं पण इंग्रजी नव्हे असा. चाळीस रुपये मागितले, मी तीस म्हटलं, पस्तिसावर तुटलं. घरी येऊन चष्मा लावून वाचलं, पहिला शब्द 'दिग्वाँ' असा उच्चारायचा हे पुढं कळलं, तेव्हा मी आपलं डिगॉइन वाचलं, आणि दुसरा शब्द एवढा लांब की मी त्याला 'सारेगुमाइन्स' म्हणत होते. आमचे हे पेटी वाजवतात, ते लगेच म्हणाले, "सारेगम? बशी सुरात आहे का बघ." आणि खरंच टिचकी मारली तर कशी खणखणीत वाजली! आता मलासुद्धा माहीत झालंय की त्या गावाचं नाव सारगमीन असं काहीतरी म्हणतात, पण आमच्या घरात ते सारेगमच राहिलं.

आणि या सारेगमची गोष्ट कळली तेव्हा मला त्या पस्तीस रुपयांच्या बशीबद्दल एकदम आपलेपणाच वाटला. हे गाव फ्रान्सच्या पार पूर्वेच्या कडेला, जर्मनीला चिकटून, सार नदीच्या काठी. तिथं १७९० साली भांड्यांचा कारखाना निघाला, पुढं उत्झश्नायडर नावाच्या माणसानं तो नावारूपाला आणला, नेपोलियनसुद्धा गिऱ्हाईक. मग १८७१ साली फ्रान्स लढाईत हरलं आणि तो सगळा मुलूख जर्मनीत गेला, गावाचं नावसुद्धा जर्मन झालं, झारगेम्युंड. कारखाना आता परदेशात, म्हणजे आपल्याच जुन्या गिऱ्हाइकाला माल विकायचा तर वाटेत जकात. मालकांनी काय केलं, सरहद्दीच्या अलीकडं फ्रान्समध्ये दिग्वाँला एक आणि वित्री-ल-फ्रान्स्वाला एक असे आणखी कारखाने उभे केले, म्हणून शिक्क्यात दोन गावं जोडीनं येतात. पहिल्या महायुद्धानंतर गाव परत फ्रान्सकडं, १९४० साली पुन्हा जर्मनांकडं, १९४४ च्या डिसेंबरात पुन्हा सुटका. एकाच माणसानं एकाच घरात बसून किती वेळा पाटी बदललेली बघायची! १९५६ नंतर आपल्याकडं काय झालं आणि बेळगावचं बेळगावी कधी झालं हे तुमच्या वाचकांना मी सांगायला नको, त्यावर तुमच्याकडं रोज पत्रं येतात, मी त्यात भर घालत नाही. एवढंच म्हणते की माझी सून धारवाडकडची, ती या बशीला कन्नडमध्ये पिंगाणी म्हणते, सासूबाई हयात होत्या तोवर त्या 'बाटगी बशी' म्हणायच्या आणि सोवळ्यात फिरकू द्यायच्या नाहीत, आणि बशीच्या पोटाला फ्रेंच, तर ती आमच्याच घरात तीन-चार राज्यांत फिरून आलेली आहे.

लेखात बशी ओळखायची कशी ते फारसं आलं नाही, ते थोडं लिहिते. बशी पालथी केली की शिक्क्याच्या आधी तिच्या पाठीवर बोट फिरवा. जुन्या फायान्सच्या बशीला, म्हणजे पोर्सिलेन नव्हे तर साध्या मातीवर पांढरी झिलई दिलेली ती, पाठीमागं तीन बारीक खडबडीत टोचे लागतात, साधारण त्रिकोणात, तीळ चिकटल्यासारखे. भट्टीत बशी तिवईवर ठेवून भाजायचे त्या तिवईच्या टोकांच्या खुणा त्या. फुटलीय असं समजून लोक टाकून देतात. दुसरं म्हणजे कडेची छापील नक्षी बारकाईनं बघा. ती हातानं काढलेली नसते पुष्कळदा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून, त्याचा ठसा पातळ कागदावर घेऊन, तो कागद बशीवर दाबून उतरवलेला असतो, आणि गोल कडेभोवती कागदाची पट्टी फिरवताना दोन टोकं कुठंतरी भेटणारच, तिथं वेल मध्येच तुटतो, अर्धं पान इकडं नि अर्धं तिकडं, जुळतच नाही. ब्लाउजचं कापड कमी पडलं की शिंपी काखेत जोड देतो तसं. मला तो जोड सापडला की फार बरं वाटतं, कुणा बाईनं घाईत लावला असेल असं मनात येतं (बाईच असेल कशावरून, पण मला वाटतं). आणि तिसरं, आतल्या बाजूला उजेडात तिरकी धरा, सुरीचे बारीक ओरखडे दिसतील. तिकडं काटा-सुरीनं जेवतात ना. बशीवर ओरखडे नसतील तर एक तर ती भिंतीवर टांगलेली होती नाहीतर आपल्यासारख्या हातानं जेवणाऱ्याच्या घरात आली.

पोर्सिलेन ओळखायला सोपं, उजेडासमोर धरून मागं बोटं फिरवा, सावली दिसली की बहुधा पोर्सिलेन. फ्रान्समध्ये याचं गाव लिमोज. तिथून जवळ सेंत-इरिए नावाच्या गावात १७६८ च्या सुमारास पांढरी केओलिन माती सापडली, असं सांगतात की एका डॉक्टरची बायको ती माती कपडे पांढरे करायला वापरायची आणि मग नवऱ्याला संशय आला की ही साधी माती नव्हे. कुठल्याही शोधाची सुरुवात धुण्याच्या दगडावरच होते, श्रेय मात्र नवऱ्याला. ते असो. लोकांचा घोटाळा असा होतो की लिमोज म्हणजे कंपनी समजतात. लिमोज हे शहर आहे! तिथं एक सोडून कितीतरी कारखाने, अमेरिकेतून आलेल्या डेव्हिड हॅविलंडनंसुद्धा १८४२ मध्ये तिथं मुक्काम टाकला. 'बेळगावचा कुंदा' असं डब्यावर लिहिलं म्हणून तो चांगला असतो का? दुकान कुठलं ते आपण बघतोच की नाही? तसंच. आणि लिमोजच्या बशीला पुष्कळदा दोन शिक्के असतात, एक हिरवा, झिलईच्या खाली, तो पांढरी बशी घडवणाऱ्याचा, आणि दुसरा लाल किंवा आणखी कुठल्या रंगाचा, झिलईच्या वर, तो रंगकाम करणाऱ्याचा. पांढरी बशी एकाकडून विकत घेऊन दुसऱ्यानं रंगवून विकायची ही तिथली पद्धतच होती.

याच शिक्क्यावर मी फसलेय, तेही सांगते, लपवण्यात काय अर्थ. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एकाकडून 'अँटिक लिमोज' म्हणून सहा कपांचा सेट मागवला, आयुष्यात एका वेळेला एवढे पैसे मी क्रोकरीवर घातले नव्हते, पेन्शनचा फरक आला होता ना. पार्सल आलं ते खोक्यातून खळखळ आवाज करतच, दोन कप फुटलेले, भुशाऐवजी एक वर्तमानपत्र घातलेलं (तुमचं नव्हे, घाबरू नका). राहिलेल्या चारांवरचा हिरवा शिक्का बघून मी खूश, पण बोट फिरवलं तर शिक्का हाताला लागायला लागला, उंचवटा. झिलईच्या खालचा शिक्का हाताला लागेलच कसा? नखानं खरवडला तर निघून आला, टिकलीसारखा. फोन केला तर नंबर बंद. ते चार कप आता गॅलरीत तुळशीच्या रोपांना वापरते. त्यामुळं बशी समोर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि फोटोत शिक्का स्पष्ट दाखवत नसेल तर तिथंच सोडा.

एक प्रश्न मला इथं वारंवार येतो, बेळगावात जैन समाज मोठा, आमच्या समोरच्याच घरातल्या काकू विचारत होत्या की या कपात हाड असतं ना गं? तर हाड असतं ते इंग्लिश बोन चायनात, जनावरांच्या हाडांची राख, आणि थोडीथोडकी नव्हे, निम्म्याच्या आसपास जाते. लिमोजचं जुनं पोर्सिलेन हे केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं, त्यात हाडाचा संबंध नाही. काकूंनी तेवढं ऐकून पहिल्यांदा माझ्या घरात चहा घेतला, इतकी वर्षं स्टीलच्या पेल्यात पाणी पिऊन जात होत्या. मला आधीच विचारलं असतं तर!

आता ग्लासांबद्दल, कारण आपल्या भागात फ्रान्सची खरी भांडी कुणाच्या घरात आहेत म्हणाल तर ती ग्लासच्या रूपानं. आखातात गेलेला एकेक माणूस येताना ड्युरालेक्सचे ग्लास घेऊन यायचा, खानापूर, नंदगड, निपाणी, कुठंही जा, जुन्या घराच्या फळीवर ते असायचेच, खालून वर रुंद होत जाणारे आणि बाजूनं पैलू असलेले ते पिकार्दी, १९५४ सालचं डिझाइन. कंपनी १९४५ ची, नावच लॅटिनमधल्या 'कायदा कठोर आहे पण कायदा आहे' या म्हणीवरून. कठोर म्हणजे किती, आमच्या माहेरी जांबोटीला एक ग्लास होता, तो शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला, पाटावर पडला, एकदा तर विहिरीच्या काठावर पडला, काही नाही. आणि मग एका दुपारी कुणी हात न लावता, फळीवर बसल्या जागी फटाक्यासारखा फुटला आणि साबुदाण्याएवढे तुकडे सगळ्या स्वयंपाकघरात! आजी म्हणाली दृष्ट लागली. खरं म्हणजे ती काच तापवून झटकन थंड केलेली असते, आत ताण धरून बसलेली, एखादा बारीक ओरखडा खोल गेला की सगळी एकदम सुटते आणि मोठे धारदार तुकडे होत नाहीत. त्या ग्लासाच्या बुडाला आतून एक आकडा असतो, साच्याचा नंबर, फ्रान्समधली शाळकरी पोरं जेवणाच्या सुट्टीत ग्लास बघून 'तुझं वय किती' असा खेळ खेळतात, आम्ही पोरं जांबोटीत 'तुला किती मुलं होणार' असं खेळायचो, मला सत्तावीस आलेली. तो कारखाना मध्यंतरी बुडीत निघाला होता, २०२४ साली कामगारांनीच मिळून सहकारी संस्था करून तो चालवायला घेतला. आपल्याकडं साखर कारखान्यातल्या सहकाराचं काय झालं ते आपण बघतोय, त्यांचं बरं होवो.

वापरायची का नुसती मांडायची, यावर घरोघरी भांडण. लेखात भिंतीवर टांगा म्हटलंय, मला पटत नाही, पण डोळे झाकून वापरा असंही म्हणणार नाही. जुन्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळं लोणचं, चिंचेची आमटी, सोलकढी, ताक असलं आंबट त्यात ठेवूच नये. पोळी, लाडू, चिवडा, बिस्किट, खुशाल. सोन्याची कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात, आणि घासायला तारेचा काथ्या तर अजिबात नको. मी काय केलं ते ऐका. फ्रेंच लोक सकाळी दुधाची कॉफी प्यायला बिनकानाचे मोठे वाडगे वापरतात, आपल्या आमटीच्या वाडग्यासारखेच, तसला एक माझ्याकडं आहे, आतून झिलईला बारीक जाळी पडलेली. पाहुणे आले आणि वाडगे कमी पडले म्हणून मी शहाणपणानं त्यात वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी वाडगा आतून पिवळाधमक, प्रत्येक चिरेत हळद, हस्तलिखितासारखी. लिंबू लावलं, सोडा लावला, ढिम्म. रडायची बाकी होते. मग आईचं आठवलं, पांढऱ्या साडीवर हळद पडली की ती धुवून उन्हात टाकायची. वाडगा गच्चीवर पालथा नाही, उताणा ठेवला, मार्चचं ऊन, दोन दिवसांत निम्मी हळद गेली, चौथ्या दिवशी सगळी. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, त्याला केमिकल कशाला! चहाचे तपकिरी डाग मात्र उन्हानं जात नाहीत, त्याला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बुडवून ठेवायचं, आणि धुण्याचं ब्लीच चुकूनसुद्धा नको, झिलईच्या आत जाऊन बसतं आणि पापुद्रे सुटतात.

शेवटचं, आणि खरं सांगायचं तर पत्र लिहायचं निम्मं कारण हेच. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात बोलक्या बशा म्हणून प्रकार निघाला, मध्ये काळ्या शाईत एक चित्र आणि खाली विनोदी मजकूर, बारा बशांचा संच, प्रत्येकीवर नंबर, गोड खाऊन झालं की खालचं चित्र दिसायचं आणि मग पाहुणे एकमेकांच्या बशा वाचून हसायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका म्हातारीकडं मला त्यातल्या तीन मिळाल्या, सारेगमच्याच, ती म्हणाली कुणा जुन्या घरातून आलेल्या. एकावर लठ्ठ शेतकरी गाढवावरून पडलाय आणि गाढव मागं वळून त्याच्याकडं बघतंय, गाढवाचा चेहरा एवढा शहाणा आहे की मी ती बशी सकाळी चहाच्या वेळी समोर घेऊन बसते. माझी भाची कॉलेजात फ्रेंच शिकते, तिनं खालचा मजकूर वाचून दाखवला पण तो विनोद तिला मराठीत सांगताच येईना, दोघी आपल्या हसत बसलो. माझ्याकडं ३, ८ आणि ११ नंबर आहेत. काळी नक्षी, कडेला द्राक्षाचा वेल, मध्ये गाढव, शेतकरी, पाद्री असली चित्रं. आपल्या भागात, गोव्याकडच्या सोयरिकीतून किंवा कॅम्पातल्या जुन्या घरातून कुणाकडं बाकीच्यांपैकी एखादी आली असेल, चिरलेली चालेल, तर कृपा करून तुमच्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी दर मंगळवारी बाजाराला तिकडून जातेच. किंमत तोंडाला येईल ती सांगू नका म्हणजे झालं.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
टिळकवाडी, बेळगाव
(नाव छापू नये, नाहीतर वैनी परत प्लेट घेऊन येतील.)